शनवार तेल्यांची मशीद

आमची मशीद म्हटलं की लोक गोंधळतात. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे इथले ज्यू; शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून गावाच्या बोलीत शनवार तेली. आमच्या प्रार्थनाघराला आम्ही मशीदच म्हणायचो. ती चिंचवडच्या बाहेर, पवनेच्या अलीकडे, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेल्या माझ्या पणजोबांनी बांधली. गवंडी गावातलाच. त्याने जन्मभर देवळं बांधलेली, म्हणून खांबांवर कमळं आली. तोराची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी ठेवायचा कोनाडाही त्याने न सांगता पश्चिमेच्या भिंतीत धरला, कारण देवाचं तोंड पूर्वेला हवं. आम्हालाही पश्चिमच हवी होती, तिकडे जेरुसलेम. मूर्ती बसणार नाही हे कळल्यावर तो म्हणाला, "मंग हितं राखन कोन करनार?" पणजोबांनी काय उत्तर दिलं, ते घरात कुणालाच आठवत नव्हतं.

मधोमध लाकडी कठड्याचा चौथरा, त्यावरून प्रार्थना म्हणायची. बायकांसाठी वर माळा. पन्नास सालानंतर एकेक घर इस्रायलला निघालं. तोरा पुण्याला गेली, बाकं गेली, कौलांना तर पायच फुटले. उरलो मी आणि बाबा. बाबांचा हट्ट एकच, "माझा कद्दीश आपल्या मशिदीत व्हायला हवा." कद्दीश म्हणजे मेलेल्या माणसामागे म्हणायची प्रार्थना. तिला आमच्याच धर्माचे दहा पुरुष लागतात. नऊ चालत नाहीत.

बाबा गेले, पुण्याच्या दफनभूमीत मातीआड झाले. वर्ष भरलं तेव्हा मी पुण्याला निरोप धाडला. सकाळच्या गाडीने आठ जण आले, नववा देहूरोडहून. दहावा पिंपरीच्या नव्या कंपनीत फिटर होता, त्याला शिफ्ट बदलून मिळाली नाही.

मी माळ्यावर, उरलेल्या फळ्यांवर जपून बसले होते. वर उघडं आभाळ, खाली टोप्या घातलेली डोकी. वाट पाहून सगळे कंटाळले. शेजारच्या मळ्यात राहणाऱ्या काकांनी त्यांना स्टेशनवरून बैलगाडीने आणलं होतं. ते वहाणा काढून आत आले.

"मानूस कमी पडतंय न्हवं? मी हुबा ऱ्हातो की. तुमच्या त्या बाबानं माज्यासंगं जलम काढलाय."

पुण्याहून आलेल्यांतल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी हात जोडले. "काका, मन मोठं आहे तुमचं. पण तसं चालत नाही हो."

वर कुणी पाहिलं नाही. परतीच्या गाडीची वेळ होत आली होती. त्यांनी एक स्तोत्र म्हटलं, मला "काळजी घे पोरी" म्हणाले आणि काकांच्या गाडीत बसले. मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला. चूक त्यांची नव्हती, नियम जेवढा त्यांचा तेवढाच माझा. तरी आला, आणि अजून येतो. त्या चार भिंतींत अकरा माणसं होती.

बैलगाडीचा आवाज दूर गेला. मी खाली उतरले आणि चौथऱ्यावर उभी राहिले. तिथे आमच्या घरातली कुठलीच बाई कधी उभी राहिली नव्हती. वरून ऐकून ऐकून कद्दीश मला तोंडपाठ होता. मी तो मोठ्याने म्हणायला लागले. जिथे सगळ्यांनी मिळून 'आमेन' म्हणायचं, तिथे सवयीने थांबले.

मग तेही मीच म्हटलं.