बगल देणारे मामा

अख्ख्या नवी मुंबईत सरळ प्रश्नाला बगल देण्यात माझ्या मामेसासऱ्यांचा हात धरणारा कोणी जन्मला नाही. मूळचे सारसोळ्याचे, जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं, आणि निवृत्तीनंतर एकच व्यसन: इंग्रजी शब्दांची कुळं शोधणं. त्यातही लाडका शब्द ‘डक’. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा तावातावाने विचारायला आले, “मास्तर, मीटिंगला का नाही आलात?” मामांनी त्यांना खुर्चीत बसवलं. “म्हणजे मी मीटिंग डक केली म्हणता? आता बगा, लोकांना वाटतं बदकावरून हे क्रियापद आलं. उलटं हाय! आधी बुडी मारनं, मग बुडी मारतं म्हनून पाखराचं नाव डक. डोकं खाली घालून फटका चुकवनं, मग प्रश्न चुकवनं, हे सगलं नंतरचं. क्रिकेटातला शून्याचा डक मात्र बदकाच्या अंड्यावरून!” सेक्रेटरी दोन कप चहा पिऊन, मीटिंगचं नावही न काढता घरी गेले.

पुढे मामांना मोतीबिंदू झाला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि मामांच्या प्रतिभेला बहर आला. तारीख ठरली की त्यांना सर्दी होई. सर्दी नसली तर जासईच्या भाच्याकडे पूजा निघे. एकदा पेपर उलटा धरून वाचत होते. मी तसं म्हटलं, तर शांतपणे म्हणाले, “बातमीच्या दोनी बाजू बगाव्या माणसानं.” मामी फक्त कपाळावर हात मारून घेत. खरं म्हणजे मामा घाबरले होते. सुई डोळ्याजवळ येणार, याचीच त्यांना धास्ती होती, हे मामींनीच मला सांगितलं.

एका संध्याकाळी आम्ही तिघं सीवूड्सच्या मागे खाडीकाठी फिरायला गेलो. मामा एकदम थांबले. “ती बगा, पांढरी बदकं! आता बुडी मारतील.” आम्ही पाहिलं. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे हलत होते. मामी हळूच म्हणाल्या, “अवो, थर्माकोल हाय तो.”

मामांनी पाण्याकडे पाठ फिरवली. मग मामींना म्हणाले, “उद्या डॉक्टरला फोन कर.”

ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर घरी आले, तेव्हा मामी त्यांच्यापुढे चहा ठेवत होत्या. मामांनी त्यांचं मनगट धरलं. तिथे भाजल्याचा लांबट डाग होता.

“हा कदीचा?”

“दिवालीचा. करंज्या तलताना.”

“मला बोललीस नाय?”

“बोलले व्हते. तुमी ‘बर्न’ शब्द कुटनं आला ते सांगत बसलात.”

मी हसलो. मामा हसले नाहीत. अंगठ्याने तो डाग हलकेच चोळत ते बसून राहिले, आणि कपात तोवर चहावर साय धरली.