‘जायचं आहे’चं इंग्रजी

आमच्या गल्लीत मॅट्रिक झालेली पहिली मुलगी मी. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते, आणि पुढेही सांगत राहणार. ज्यांना ऐकून कंटाळा आला असेल त्यांनी खुशाल कानात बोटं घालावीत. पण त्या मॅट्रिकचं श्रेय मी इंग्रजी व्याकरणातल्या एका एवढ्याशा रचनेला देते, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, बाईंना वयामुळे भ्रम झाला. तसं काही नाही. मला सगळं ठणठणीत आठवतंय.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. आम्ही पारोळ्याला राहायचो. आबा, म्हणजे माझे वडील, कपाशी पिकवायचे आणि माणूस मोठा शब्दाचा पक्का. मी अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात होते. वर्गात मुली इतक्या थोड्या, की सगळ्या मिळून पुढच्या एका बाकावर मावायचो. परीक्षा मार्चमध्ये, केंद्र धुळ्याला. आणि दिवाळी होते न होते तोच घरात माझं लग्न ठरलं. चोपड्याचं केळीवालं घर, मुलगा शेती बघणारा, तिथी माघातली. म्हणजे परीक्षा येईपर्यंत मी चोपड्याला चुलीपुढे. यात काही चुकतंय असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. मला वाटत होतं, पण ते बोलायचं कसं, तेच कळत नव्हतं. लग्नाला माझी ना नव्हती, मुलगाही ऐकून बरा होता. मला फक्त परीक्षेला बसायचं होतं.

आमचे इंग्रजीचे मास्तर जळगावचे. काळा बंद गळ्याचा कोट भर उन्हाळ्यातही अंगात, आणि भाषांतरावर फार जीव. एके दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘मला धुळ्याला जायचं आहे’, आणि म्हणाले, करा याचं इंग्रजी. घरी आम्ही ‘माले धुयाले जावानं शे’ म्हणायचो. त्यातला ‘माले’ मी इमानेइतबारे उचलून इंग्रजीत नेऊन बसवला आणि लिहिलं, ‘टू मी इज टू गो टू धुलिया.’ मास्तरांनी माझी वही हातात घेऊन ते मोठ्यानं वाचलं. वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरचा एक तर आठवडाभर मला ‘टू मी’ म्हणूनच हाक मारायचा.

“हसू नका,” मास्तर म्हणाले. “निम्मं बरोबर आहे तिचं, ‘इज टू गो’ एवढं. तुम्ही सगळ्यांनी ‘आय वॉन्ट टू गो’ लिहिलंय. यात इच्छा माझी. पण ‘आय ॲम टू गो’ असंही होतं. यात माझी इच्छा असो नसो, जायचं ठरलंय. शाळेनं ठरवलं असेल, कचेरीनं ठरवलं असेल, घरातल्या थोरल्यांनी ठरवलं असेल. कर्ता वाक्यात सगळ्यांच्या पुढे बसलाय खरा, पण त्याला कुणी विचारलेलं नाही. बोहल्यावरच्या नवरीसारखं.”

मुलांनी माना वळवून आमच्या बाकाकडे पाहिलं. मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. “मराठीत आपण दोन्हीला ‘जायचं आहे’च म्हणतो,” ते म्हणाले. “म्हणून कुणाची इच्छा आणि कुणाचा हुकूम, ते कळून येत नाही.”

मला एकदम राग आला आणि तितकाच आनंदही झाला. इतके दिवस जे घशाशी अडकलं होतं, त्याला चक्क व्याकरण होतं! घरी आले तर माय परातीत पीठ मळत होती. मला बघून म्हणाली, “इकडे ये. तुले आते चोपडाले जावानं शे, भाकर नीट थापाले शिक.”

“माय, यामा जावानं कोनतं?” मी विचारलं. “माले जावानी इच्छा शे ते, का तुम्हीन ठरायं ते?”

माय माझ्याकडे बघत राहिली. “जावानं म्हंजे जावानं. त्यामा कोनतं काय?”

तिचं चुकलं नव्हतं. तिच्या आयुष्यात जाणं एकाच प्रकारचं होतं, दुसरं कुणी तिला दाखवलंच नव्हतं. मला तिची इतकी दया आली, की मी मुकाट्यानं भाकरी थापायला बसले. तरी भाकरी वाकडीच झाली.

मग चोपड्याची मंडळी लग्न पक्कं करायला, कुंकू लावायला आली. मुलाचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत, डोक्याला मोठा फेटा, मिशी तशीच. सोबत मुलाचा थोरला भाऊ. तो धुळ्याला कचेरीत कारकून होता आणि ते त्याच्या बसण्यावरूनच कळत होतं. मी नऊवारीत अंग चोरून खाली बसले. माय दाराआड. त्या काळी मुलगी बघताना तिला चालायला लावत, सुईत दोरा ओवायला लावत. आमच्या कारकुनाला माझं इंग्रजी बघायचं होतं.

“मॅट्रिकच्या वर्गात आहेस ना?” तो हसत म्हणाला. “मग सांग. ‘मला चोपड्याला जायचं आहे’, याचं इंग्रजी काय?”

सगळे हसले. आबाही हसले. मला मात्र उत्तर येत होतं.

“कुठलं करू?” मी म्हणाले. “दोन होतात.”

“दोन कशी? एकच.”

“दोन. आय वॉन्ट टू गो टू चोपडा. नाहीतर, आय ॲम टू गो टू चोपडा.”

कारकून गडबडला. “एकच ते,” असं काहीतरी पुटपुटला. तिथेच विषय मिटला असता. पण आबांना बाजारात कापूससुद्धा बोटांत चोळून बघितल्याशिवाय चैन पडायची नाही. ते पुढे झुकले. “काय फरक शे त्यामा?”

मी जमिनीकडे बघत सांगितलं, “आबा, पहिलामा माले जावानी इच्छा शे. दुसरामा बठ्ठं ठरेल शे, माले कोनी इचारेल नही.”

आत चुलीवरचं दूध उतू गेलं, तरी माय दाराआडून हलली नाही.

“मंग तुन्हं कोनतं?” आबांनी विचारलं.

खरं सांगते, खोटं बोलून मोकळं होता आलं असतं. पण मास्तरांनी जिचं निम्मं बरोबर म्हटलं, ती पोरगी मीच.

“दुसरं,” मी म्हणाले. “परीक्षा व्हयनी का पहिलं व्हई.”

आबा सरळ होऊन बसले. मग फेटेवाल्या नानांकडे वळून म्हणाले, “नाना, मी पोरले इचारंच नही. चूक मन्ही शे. तिले परीक्षा देऊ द्या, मंग वैशाखमा बार उडाडूत.”

नानांनी मिशीवरून हात फिरवला. “आमले सून पाह्यजे, मास्तरीन नही. माघमा देवानी व्हई त बोला.”

“माघमा नही,” आबा म्हणाले. शब्दाचा पक्का माणूस, आणि त्यानं दिलेला शब्द माझ्यासाठी परत घेतला. मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

मंडळी चहा पिऊन गेली. जेवायला थांबली नाहीत. माय मात्र कोसळलीच. “ह्या इंग्रजीनी मन्हं घर बुडायं. आते गल्लीमा तोंड कसं दखाडू?” म्हणून ती पदर डोळ्यांना लावून बसली आणि कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. गल्लीतल्या बायका नळावर मी आले की भांडी जोरात आपटायच्या. मी त्यांच्याहून जोरात आपटायचे.

माघ उजाडला तेव्हा मी वर्गात होते. त्याच महिन्यात मास्तरांनी तोच धडा पुढे नेला. जे ठरलं होतं पण झालं नाही, ते इंग्रजीत कसं सांगायचं? त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘वॉज टू हॅव’. गाडी पाचला यायची होती, आली नाही. साहेब तपासणीला यायचे होते, आले नाहीत. “नुसतं ‘वॉज टू’ म्हटलं तर झालं की नाही ते कळत नाही. ‘हॅव’ आला की समजायचं, बेत फिसकटला,” ते म्हणाले. “आता तुमच्यापैकी कुणीतरी स्वतःचं वाक्य सांगा.”

मी उभी राहिले. “आय वॉज टू हॅव बीन मॅरीड इन माघ.”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग कळलं, आणि अख्खा वर्ग बाकं बडवायला लागला. सगळ्यात जोरात तो ‘टू मी’ म्हणणारा. मास्तरांनी आरडाओरडा होऊ दिला. मग वळून माझं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि खाली ठसठशीत रेघ ओढली. मला इतका आनंद झाला, की खाली बसायचंच विसरले.

मार्चमध्ये धुळ्याला निघाले. तिथे मामांकडे राहून पेपर द्यायचे होते. सकाळी उठले तर मायनं न बोलता दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवली होती. मी पाया पडायला वाकले तर पाठीत एक धपका घातला. “बठ्ठा पेपर नीट लिहिजो,” म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तिच्याही.

आबा स्टँडवर आले. माझी पत्र्याची ट्रंक त्यांनी स्वतः टपावर चढवली आणि खिडकीपाशी येऊन उभे राहिले. गाडी गुरगुरायला लागली तरी हलेनात. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “पोरी, तुले धुयाले जावानं शे.”

“हो आबा.”

“कोनतं?”

त्यानंतर मला अनेक ठिकाणी जायचं होतं आणि मी गेलेही. पण इतकं मोठ्यानं मी कधीच कुणाला उत्तर दिलेलं नाही. सगळी गाडी वळून बघत होती.

“पहिलं, आबा! पहिलं!”