कापसाच्या बंडीतून कबड्डीला

अलका बहेनजींना माणूस भेटला की त्या आधी विचारायच्या, "कसे आलात?" चहापाणी त्यानंतर. पायी आलो म्हटलं, तर कोणत्या वाटेने, हेही सांगावं लागे. सौंसरला मुलींच्या शाळेत त्या खेळ शिकवत आणि मी भूगोल. मी चिडवायचे, "तुम्ही शिक्षिका कशाला झालात? कंडक्टर व्हायचं ना!"

सत्याऐंशी साली जिल्ह्याची मुलींची कबड्डी स्पर्धा आमच्याकडे भरली. दुपारी आजूबाजूच्या गावच्या बायकांनी मैदान भरलं होतं. फायनलच्या आधी मात्र सगळ्या उठून गेल्या. आमच्या पोरी जिंकल्या, पण टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं, म्हणून रडल्या.

"बायकांना यात गोडी नाही," स्पर्धा समितीचे विनायकराव म्हणाले. "पुढच्या वर्षीही असंच झालं, तर मुलींची स्पर्धा बंद."

बहेनजींना ते फार लागलं. गोडी नाही, तर त्या आल्या कशाला? आणि आल्या, तर उठल्या कशाला? हे विचारायला त्या थेट बोरगावला गेल्या. मलाही ओढत नेलं.

उठून गेलेल्यांतल्या देवकाबाई अंगणात सरपणाला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडत होत्या. त्या म्हणाल्या, "याले काय, येऊन जाऊ. पण फायनल संपेपरेंत शेवटची मोटर निंगून जाते. मंग वापस कसं याव, बहेनजी?"

बहेनजींचं लक्ष दारातल्या मोकळ्या बैलबंडीकडे गेलं. देवकाबाईंचे मालक दादाराव सौंसरच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस टाकून नुकतेच परतले होते.

"येताना बंडीत काय आणलं?"

"काय आनतो? मोकळीच आनली."

बहेनजी बंडीभोवती दोन फेऱ्या मारून आल्या. देवकाबाईंना हसू आवरेना.

पुढच्या वर्षी स्पर्धा मुद्दाम कापसाच्या ऐन हंगामात ठेवली. बहेनजी गावोगाव फिरून बंडीवाल्यांच्या विनवण्या करत होत्या. विनायकराव म्हणाले, "दिल्लीला एशियाडसाठी पूल बांधले. तुम्ही बंड्या जुंपा!"

"आपल्या बंड्या रोज मोकळ्या परत जातात, त्यांना पूल कशाला?" बहेनजी म्हणाल्या.

स्पर्धेचा दिवस उजाडला तशा बायका कापसाच्या ढिगांवर बसून आल्या. केसांत कापूस, लुगड्यांना कापूस. जिनात माल उतरवून बंडीवाले मैदानाच्या कुंपणाशी थांबले. दिवस बुडेपर्यंत थांबायचं, एवढंच त्यांनी कबूल केलं होतं.

आणि नेमकी फायनल लांबली. वेळ संपली तरी गुण सारखेच. जादा डाव सुरू झाला तेव्हा दिवस बुडाला होता.

"अवं, चाल नं!" कुंपणापलीकडून दादाराव ओरडले. "बैलं खोळंबून राह्यले."

बायका उठल्या. बहेनजींचा चेहरा उतरला. विनायकराव माझ्याकडे बघून हसले, तेव्हा मला त्यांचा अस्सा राग आला!

देवकाबाईंनी मैदानाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"तुमी निंगा बंडी घेऊन. आमी येतो पायी."

आणि त्या पुन्हा खाली बसल्या. मागच्या बायकाही बसल्या. परतायचं कसं, या एका प्रश्नासाठी बहेनजी वर्षभर झिजल्या होत्या, आणि आता तो कोणी विचारतच नव्हतं.

 दादारावांनी बैल सोडले, त्यांच्यापुढे कडबा टाकला आणि कुंपणाशी येऊन बायकोला विचारलं,

"यातल्या आपल्या पोरी कोन्त्या वं?"