गुडघा विसरला की मॅच मेली

गल्लीत त्याला टेलर कोणी म्हणत नसे. सगळे म्हणत पंच. कोट शिवून पोट भरायचं आणि जपानी कुस्त्यांना तारे द्यायचे, एवढंच त्याचं आयुष्य. कुस्त्या म्हणजे मातीतल्या नव्हेत. दोरांच्या चौकटीतल्या, चकचकीत चड्ड्यांच्या, निकाल आधीच ठरलेल्या. त्याही जुन्यापान्या, कॅसेटवरून कॅसेट उतरवत आलेल्या, त्यामुळे पडद्यावरच्या पैलवानाच्या अंगावर कायम ठिपक्यांचा भुरभुर पाऊस पडत असायचा.

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं. मागच्या खोलीत, टांगलेल्या बिनबाह्यांच्या कोटांखाली, तिघं बसायचे. हातांच्या खुर्चीत पंच, स्टुलावर रिटायर झालेला बस कंडक्टर आणि कापडाच्या गठ्ठ्यावर कोपऱ्यावरचा औषधवाला, जो वयानं दोघांहून बराच धाकटा. मॅच संपली की प्रत्येकानं पाचपैकी तारे सांगायचे. पंचानं शेवटी सांगायचे आणि तेच लागू.

पंचाचा नियम एकच होता. सुरुवातीला गुडघा दुखावला, तर शेवटपर्यंत लंगडलं पाहिजे. "गुडघा विसरला की मॅच मेली!"

"अरे, जिंकायच्या भरात माणूस दुखणं विसरतो की," कंडक्टर कळवळून म्हणायचा.

"माणूस विसरतो. कलाकारानं विसरायचं नसतं. तू जन्मभर तिकिटं फाडलीस, तुला काय कळणार!"

औषधवाल्याची एक जीव की प्राण मॅच होती, सगळी उड्यांची. तिला पंचानं दीड तारा दिला. वर म्हणाला, "ज्याला बायको टिकवता आली नाही, त्याला मॅचमध्ये काय टिकतं ते कुठून कळणार?" औषधवाल्याची बायको नुकतीच सोडून गेली होती. तो हसला. असल्या बोलण्यावर जो हसतो त्याच्यापासून चार हात लांब राहावं, पण पंचाला एवढी अक्कल असती तर मग काय हवं होतं!

तारे कुस्तीपुरते असते तरी चाललं असतं. पंच स्वतःच्या बायकोच्या चहाला दोन द्यायचा, भाजीला दीड, पाहुण्यांसमोर. तिची आई गेली तेव्हा ती रडली. घरी परतल्यावर पंच चपला काढता काढता म्हणाला, "अडीच. सुरुवात छान होती. मग जेवायला बसलीस आणि दुःख विसरलीस." एवढ्यावर थांबला नाही, रविवारी दोघांनाही सांगितलं. कंडक्टर मांडीवर थाप मारून हसला. बायको तिथंच कप गोळा करत होती.

आणि आता पंचाचे डोळे गेले होते. उजेड कळायचा, समोर काहीतरी उभं आहे एवढं कळायचं. माणूस की टांगलेला कोट, ते नाही. ठाऊक होतं फक्त बायकोला. मापं तीच घ्यायची, कापायचीही तीच. हातशिलाई तेवढी पंच करायचा, बोटांच्या सवयीनं. त्यासाठी ती सकाळी सुया ओवून टाचणीच्या उशीवर खोचून ठेवायची, काळा दोरा डावीकडे, पांढरा उजवीकडे. गिऱ्हाइकांना कळलं तर दुकान जाणार, रविवारच्या दोघांना कळलं तर खुर्ची. खरं विचाराल तर त्याला धास्ती खुर्चीचीच जास्त होती. मॅच त्याला तोंडपाठ होत्या. जपानी निवेदक कुठं किंचाळतो, प्रेक्षक कुठं पाय आपटतात, त्यावरून तो बिनचूक वाहवा करायचा.

एका रविवारी टीव्हीची वायर सैल झाली. चित्र गेलं, आवाज राहिला.

"वा! काय आपटलाय मानेवर!" पंच काळ्या पडद्याकडे बघून म्हणाला.

कंडक्टरनं आ वासला. औषधवाल्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि गुपचूप वायर दाबून बसवली.

पुढच्या रविवारी तो तयारीनिशी आला. मॅच हल्ली तोच पेनड्राइव्हवर आणायचा. अजिंक्यपदाच्या बेल्टच्या ज्या मॅचवरून तिघं वर्षानुवर्षं भांडत होते, तिचा आवाज त्यानं घेतला होता आणि जोडला होता भलत्याच चित्राला. पडद्यावर अस्वलाचा मुखवटा घातलेला एक ढोल्या आणि चड्डी सारखी घसरणारा दुसरा एकमेकांना गुदगुल्या करत होते.

निवेदक किंचाळला. पंच पुढं सरसावला. कंडक्टरनं रुमाल तोंडात कोंबला.

"पंच, गुडघा धरलाय का हो त्यानं अजून?" औषधवाल्यानं साळसूदपणे विचारलं.

"धरलाय का म्हणजे? डोळे फुटले का तुझे? बघ पाय कसा ओढतोय!" पंच पडद्याकडे बोट दाखवत राहिला. "असं दुखणं आता कोणी करत नाही रे."

"मला तर कोणी लंगडताना दिसत नाही बुवा," कंडक्टर कसाबसा म्हणाला.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आत आली. जन्मभर ट्रे हातात धरून तिनंही या कुस्त्या पाहिल्या होत्या. पडदा, दोघांची तोंडं, नवऱ्याचे ओले डोळे. एका नजरेत तिला सगळं कळलं.

"अगं, तू तरी सांग यांना. लंगडतोय की नाही?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. आजवर कितीतरी गोष्टींना ती 'हो' म्हणत आली होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला.

"अस्वलाचं तोंड लावून एकजण नाचतोय. दुसऱ्याची चड्डी सुटलीय. यात गुडघा कुठं आहे, मला दिसत नाही. आणि तुम्हाला तर काहीच दिसत नाही."

कंडक्टर फुटला. स्टुलावरून पडेपर्यंत हसला. औषधवाला हसला नाही.

"किती द्यायचे, वहिनी?"

"अडीच," ती म्हणाली. "सुरुवात छान होती." आणि तिनं ज्याच्या त्याच्या हातात कप दिले, पंचाला त्याची बोटं कपाभोवती नीट मिटवून.

"पंच, आता तुम्ही गठ्ठ्यावर बसा ना," औषधवाला म्हणाला. "तुम्हाला काय, कुठूनही सारखंच दिसणार."

पंच उठला. खुर्चीचा हात सोडताना चहा सांडला, त्यावरून पुन्हा हशा झाला.

सोमवारी सकाळी काळ्या कोटाची किनार घालायची होती. सुयांची उशी नेहमीच्या जागी होती.

"काळा डावीकडेच ना?" पंचानं विचारलं.

"नेहमीसारखाच," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

काळाच होता. उलटंपालटं करावं हे तिच्या मनातही आलं नव्हतं. पंचाच्या मात्र आलं होतं, तिनं आज उलटं खोचलं असेल तर? त्यानं डावीकडची सुई काढली, कापडाला टेकवली आणि थांबला. दोरा बोटांत चोळून पाहिला, जिभेला लावून पाहिला. दोऱ्याला रंगाची चव नसते.

दुपारी गिऱ्हाईक कोट न्यायला आलं, तेव्हा पंच सुई उचलून तसाच बसलेला होता आणि किनारीला एकही टाका पडला नव्हता.