शेवटच्या चौकीवरचा पहारेकरी

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. स्वभावच तसा... विजेचं बिल आलं तरी मी आधी मीटर बघून येतो, मग पैसे भरतो. त्यामुळे पुढे लिहितोय ते जसं घडलं तसं. पदरचं काही नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत विश्रामबागला एका दवाखान्यावरची खोली भाड्याने घेऊन मी आणि माझा मित्र शिरीष कॉम्प्युटर गेम बनवत होतो. आपल्या हातात बंदूक, समोर दिसतं ते आपल्याच नजरेतून, आणि वाटेतले सैनिक टिपत वर चढायचं — त्या प्रकारचा. परदेशी गेमच्या फ्लॉपी तेव्हा हातोहात फिरायच्या. आम्हाला बर्फातल्या चौक्यांचा, आपला गेम करायचा होता. पुण्याची एक कंपनी 'पुरा करून दाखवा, मग बघू' म्हणाली होती. तेवढ्यावर दोघांनीही नोकऱ्या सोडल्या.

गेममधले सगळे सैनिक म्हणजे माझे वडील. आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून साताऱ्यात एकटे राहायचे. गेममधला सैनिक कुठूनही दिसायला हवा, म्हणून माणसाचे आठ बाजूंनी फोटो घ्यावे लागत. जुना फौजी गणवेश घालून, उजव्या हातात लाकडी बंदूक देऊन आम्ही त्यांना अंगणात उभं केलं. शर्टाच्या उजव्या खिशावर ठिगळ होतं.

"आबा, अजून थोडं वळा," शिरीष म्हणाला.

"आरं, कवायतीत वळलो न्हाई एवढं वळवलंस की! आता काय भवऱ्यागत फिरू?"

नंतर मी सांगलीत बसून दिवसभर त्यांनाच गोळ्या घालायचो, आणि रविवारी फोन केला की बोलायला काही नसायचं. "जेवलात?" "जेवलो." "सांगलीला या राहायला." "हितंच बरं हाय." मग दोन्हीकडे शांतता... आणि एसटीडी बूथच्या मीटरवरचे आकडे.

अडचण आली ती शेवटच्या चौकीवर. तिथे एक पहारेकरी ठेवला होता. नियम सगळ्यांना एकच — खेळणारा दिसला की गोळी झाडायची. हा झाडेना. दरीकडे तोंड करून नुसता उभा. आम्ही गोळ्या घातल्या तरी पडेना. काढून टाकला, तर गेम पुन्हा चालू केल्यावर हजर. आणि बंदूक डाव्या हातात!

"चित्र उलटं झालंय गड्या," शिरीष म्हणाला. "आरशागत."

मला पटलं नाही. गेममध्ये मी फिरून त्याच्या समोर गेलो. चित्र उलटं झालं असतं तर ठिगळ डाव्या खिशावर दिसायला हवं होतं. ते उजव्यावरच होतं. तसा फोटो आम्ही काढलाच नव्हता.

त्याच सुमारास आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला झालं. चष्मा लागला. दोन आठवडे माझ्याकडे राहिले. दिवसभर खोलीत आमच्यामागे खुर्ची टाकून गप्प बसायचे. एका दुपारी मी शेवटच्या चौकीवर पोचलो, तसे ते उठून पडद्याजवळ आले.

"ह्यो मी न्हाई," ते म्हणाले.

"आबा, सगळे तुम्हीच आहात," शिरीष हसला. "फुकटात अख्खी पलटण मिळाली आम्हाला."

"बाकीचे आसतील. ह्यो गणपा हाय. डावरा हुता. कवायतीचा उस्ताद कायम वरडायचा त्याला."

गणपाचं नाव मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. मग उभ्या उभ्याच आबांनी सांगितलं — वरच्या चौकीवर गणपा पहाऱ्याला होता, त्याच्यानंतर आबांची पाळी. बर्फ कोसळलं, वाट बुजली. वर जायचा हुकूम मिळाला नाही. "वाट मोकळी झाली तवा मीच गेलो फुडं. हुबाच हुता गड्या... लाकडागत. बदली आल्याबिगर जागा सोडायची न्हाई, ह्यो नेम. बदली मीच हुतो न्हवं."

आबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, ताठ उभे राहिले आणि पडद्याकडे बघून म्हणाले, "गणपा, आलो रं. पहारा माज्याकडं दे. तू जा."

आमच्या कॉम्प्युटरला माइक नव्हता. माझे हात मांडीवर होते. पडद्यावरचा पहारेकरी वळला, आमच्या अंगावरून पुढे गेला आणि उतारावरून खाली चालत जाऊन दिसेनासा झाला. वाटेतल्या एकाही सैनिकाने गोळी झाडली नाही.

शिरीषच्या हातातला चहा तसाच राहिला. "अरे, त्याला चालणं दिलंच नव्हतं आपण..." एवढंच तो म्हणाला.

त्यानंतर ती जागा रिकामीच राहायची. आबा साताऱ्याला परतले, आणि रविवारी फोनवर बोलायला लागले! गणपाने लंगरातून, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातून, गूळ कसा पळवला, उस्तादाला कसं फसवलं... मीटर पळत राहायचा, मी पळू द्यायचो.

पुढच्या थंडीत आबा झोपेतच गेले. तेरावं करून मी सांगलीला आलो. पुण्याहून नकार आला होता, शिरीष नोकरीसाठी बंगळूरला निघून गेला होता. सगळं आवरून ठेवायचं म्हणून एकदा शेवटचा गेम चालू केला. वरच्या चौकीवर पहारेकरी उभा होता. बंदूक उजव्या हातात. खिशाला ठिगळ. मी समोर गेलो... डोळ्यांवर चष्मा. आमचे फोटो ऑपरेशनच्या आधीचे. चष्म्याचा एकही नव्हता.

शिरीषला फोन केला. तो म्हणाला, "बंद करून ठेव तो कॉम्प्युटर. आणि मला परत सांगू नकोस." त्यानंतर आमचं बोलणं कमी होत गेलं.

मी ती फाइल तपासली, दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकून पाहिली. तिथे जागा रिकामी. फक्त याच मशीनवर दिसतो. खराब डिस्क म्हणावं, तर खराब डिस्कला चष्मा कसा कळणार? तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर ऐकायचं आहे.

इतक्या वर्षांनंतरही तो कॉम्प्युटर मी चालू स्थितीत ठेवलाय. एकदा पॉवर सप्लाय बदलला, बाकी सगळं जुनंच. मुलगी लग्न होऊन गेली. बायकोला वाटतं, मी वर माळ्यावर जुने गेम खेळतो. काय म्हणायचं ते मला पाठ आहे. तेवढं म्हटलं की आबा सुटतील. पण मग त्या बर्फात कुणी उभं राहायचं, तेही मला कळतं.

गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच तोंडातून निघून गेलं, "आबा..."

त्यांनी मान वळवली. वाट बघत राहिले.

मी पुढचं म्हणालो नाही. बटण दाबून बंद केलं, आणि माळ्यावरून खाली आलो.