पटलं तरच दृढीकरण

घरात रबरबँड कसे साठतात, तसे हे किस्से साठतात. मुद्दाम कोणी जमवत नाही आणि टाकवतही नाहीत! अकरा वर्षं मी आमच्या चर्चमध्ये दृढीकरणाच्या मुलांना शिकवते. रविवारची मिस्सा संपली की शाळेच्या हॉलमध्ये वर्ग. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, पण या कामाला डिग्री लागत नाही. सहनशक्ती लागते.

ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाप्तिस्मा होतो तेव्हा मूल तान्हं असतं, त्याच्या वतीने आईवडील 'होय' म्हणतात. दृढीकरणात तेच 'होय' चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या तोंडाने बिशपांसमोर म्हणायचं.

यंदा वर्गात माझीच मुलगी होती, अलिशा. पहिल्याच रविवारी तिने हात वर केला.

"टीचर," (वर्गात ती मला टीचर म्हणते) "नाही पटलं तर 'नाही' म्हणता येतं का?"

अकरा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "पुस्तकं उघडा, पान चार!"

*

पापनिवेदनाची तयारी चालू होती. मुलांना सांगितलं, घरी शांत बसा, आपापल्या चुका आठवा आणि कागदावर लिहून आणा. म्हणजे फादरांसमोर गडबड होत नाही.

जोएल म्हणून एक मुलगा आहे, माणिकपूरच्या बिल्डिंगमधला, कायम घाईत. त्याने घडीवर फाटलेला, पिवळा पडलेला कागद काढला.

"अरे, हा कधीचा?"

"फर्स्ट कम्युनियनचा, टीचर, तिसरीतला. मम्मीने बायबलमध्ये जपून ठेवला होता. वाचून बघितला, सगळं सेम आहे!"

*

नंतर पत्रं. 'मला दृढीकरण का हवं' हे प्रत्येकाने फादरांना लिहायचं असतं. मनापासून, स्वतःच्या शब्दांत, असं मी तीनदा बजावलं.

अठरा पत्रं आली. सतरा पत्रांत शब्द न् शब्द तेच! 'मी चर्चच्या गायनमंडळात आहे' हे वाक्य जोएलच्या पत्रातही होतं. गायनमंडळाने त्याला दोनदा घरी पाठवलंय.

"कोणाचं बघून लिहिलंस रे?"

"कोणाचं नाही, टीचर. पवित्र आत्मा सगळ्यांना एकच सांगत असेल ना!"

अठरावं पत्र अलिशाचं. 'आदरणीय फादर, मला दृढीकरण का हवं, याचं कारण मी तीन आठवडे शोधते आहे. आईला विचारलं, तर ती म्हणाली, वय झालं म्हणून. हे कारण मला पुरेसं वाटत नाही.'

आणि ती सगळी पत्रं फादरांकडे नेऊन द्यायचं काम माझं!

*

माझी नणंद रोझी ही अलिशाची धर्ममाता. दृढीकरणाच्या वेळी मुलीच्या मागे उभं राहून खांद्यावर हात ठेवायचा मान तिचा. ती आगाशीहून बस पकडून आली, हातात सुकेळ्यांचं पुडकं, चेहऱ्यावर आनंद.

"आत्या, माझं अजून नक्की नाही," अलिशा म्हणाली.

"काय नक्की नाही?"

"माझी श्रद्धा आहे, की नुसती सवय आहे, ते."

रोझीने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अगं बाय, माझ्या साडीला फॉल लावून झाला. केकवर तुझं नाव टाकायला सांगितलं. आता कसला देव शोधत बसलीस!"

ती गेल्यावर मीही भडकले. "लोक काय म्हणतील? टीचरचीच मुलगी!"

"म्हणजे मी लोकांसाठी घेऊ?"

मी बोंबील तळायला घेतले.

*

मग फादरांची मुलाखत. एकेक मूल आत जायचं, चार मिनिटांत बाहेर. जोएल तर तीन मिनिटांत आला आणि म्हणाला, "इझी होतं!"

अलिशा आत गेली ती चाळीस मिनिटं! मी बाहेर बाकावर बसून रोझरीची अख्खी माळ जपून संपवली. तिच्यामागची लितानीची प्रार्थनासुद्धा झाली. शेवटी ती बाहेर आली आणि शांतपणे चप्पल घालून निघून गेली. मी आत धावले.

"फादर, समजावलंत ना तिला?"

फादर चष्मा पुसत होते. "तिने विचारलं, तुम्हाला स्वतःला नक्की कधी कळलं, फादर?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"विचार करून सांगतो म्हटलं. तिला एक वर्ष थांबू द्या." मग चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "मलाही तेवढं लागेल!"

*

दृढीकरणाचा दिवस उजाडला. पुढच्या बाकांवर सतरा मुलं, पांढरे कपडे, मागे सगळ्यांचे धर्मपालक. रोझी नवी साडी नेसून रागाने शेवटच्या बाकावर. अलिशा तिच्याच शेजारी, रोजच्या ड्रेसमध्ये.

मी नेहमीप्रमाणे मुलांच्या बाजूला उभी. मुलं घाबरून गप्प बसतात, म्हणून त्यांच्याबरोबर मीही मोठ्याने उत्तर देते. अकरा वर्षांचा रिवाज!

बिशपांनी विचारलं, "देवपित्यावर तुमची श्रद्धा आहे काय?"

"होय, आहे!" मुलं ओरडली. जोएल सगळ्यांत मोठ्याने.

माझं तोंड उघडलं, पण आवाज काही आला नाही. दुसऱ्या प्रश्नालाही नाही, तिसऱ्यालाही नाही. मुलांचं बरं चाललं होतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

मिस्सा संपल्यावर गर्दीतून वाट काढत अलिशा माझ्याजवळ आली.

"मम्मी, आज तू 'होय' म्हणाली नाहीस."

"घसा बसलाय."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्या हातातली हजेरीची वही काढून स्वतःच्या काखेत धरली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी दोघी वर्गात बसू या. मला पण सोबत होईल!"