वरून तिसरी पायरी

एकाहत्तरची लढाई संपली त्या वर्षी मी वकिलीच्या अभ्यासासाठी सांगलीत एका लॉजवर राहत होतो. लाकडी जिन्याची वरून तिसरी पायरी मोडकळीला आली होती. ती दुरुस्त करायचं सोडून मालकांनी खाली पाटी लावली होती : 'पडल्यास मालक जबाबदार नाही.'

एका सकाळी पलूसकडचा, सुट्टीवर आलेला एक फौजी त्या पायरीवरून घसरला तो ट्रंकेसकट थेट पाटीखाली येऊन बसला. गुडघा सोलला होता. मालकांनी नुसतं पाटीकडं बोट दाखवलं. फौजीनं ती सावकाश वाचली, मिशांवरची धूळ झटकली आणि म्हणाला, "मालक न्हाई, बरं. पर कुनीतरी जबाबदार पायजे का नको?"

आणि तो स्वतःच जिन्यात पहाऱ्याला उभा राहिला. येईल त्याला कडक सलाम ठोकायचा, "खतरा!" म्हणून ओरडायचा आणि कमरेला धरून अलगद पलीकडं ठेवायचा. एका जाडजूड पाहुण्यांना उचलताना दोघंही इतके हसले की मधेच बसले. मी तर काम नसताना चारदा वरखाली केलं.

दुपारी मालक वरून तणतणत आले, "हा तमाशा बंद करा!" आणि रागाच्या भरात नेमका तिथंच पाय दिला. फळी कडकन मोडली. फौजीनं त्यांना बखोटीला धरलं आणि तसंच लोंबतं ठेवून आदबीनं विचारलं, "आवं मालक, आता जबाबदार कोन?"

"मी! मी! मीच!"

फौजीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पुढं जन्मभर वकिली केली, पण इतकी झटपट कबुली कुठल्याच कोर्टात मिळाली नाही.